पुराण, मालिका आणि काटकसर

टीकाकाराने घरातले हिशेब वाचकांपुढे मांडू नयेत, असा एक संकेत आहे. तो मोडून हा लेख मला 412 रुपयांपासून सुरू करावा लागत आहे. ज्या कलाप्रकाराविषयी मी लिहिणार आहे, त्याची खरी ओळख मला हे 412 रुपये वाचवायला निघालो तेव्हाच पटली. त्यामुळे इलाज नाही.

2024 च्या दसऱ्यापर्यंत आमच्या सांगलीच्या घरात केबल होती. महिन्याच्या पाच-सहा तारखेला एक मुलगा येई, उंबऱ्याशीच उभा राही, 412 रुपये घेई आणि मोबाईलवर काहीतरी दाबून "झालं, काका" म्हणून निघून जाई. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तो येऊन गेला आणि आमच्या चिरंजिवांनी वही पुढे ओढली. हे चिरंजीव पुण्याच्या एका कंपनीचे काम घरी बसून करतात, त्यामुळे वायफाय घरात होतेच. "बाबा, इंटरनेटचे पैसे आपण भरतोच. मग वर आणखी तारेचे कशाला भरायचे?" असा त्यांचा सवाल होता. केबलचे वर्षाचे 4,944 रुपये. त्याऐवजी दोन ओटीटींची वार्षिक वर्गणी एकाची 1,499 आणि दुसऱ्याची 899, म्हणजे 2,398. शिल्लक 2,546 रुपये. काटकसर ही आम्हां मध्यमवर्गीयांची एकमेव निर्भेळ कला आहे. मी ताबडतोब संमती दिली.

माझ्या संमतीला दुसरेही एक कारण होते, आणि ते अधिक लबाडीचे होते. केबल गेली की घरातून मालिका जाणार होत्या. दूरचित्रवाणीवरच्या दैनंदिन मालिकांविषयी माझे मत वाचकांना ठाऊक असेल; नसेल तर सांगतो. 'मालिका म्हणजे पाणी घातलेले ताक. त्यात लोणी शोधण्याचा खटाटोप टीकाकाराने करू नये' असे वाक्य मी एकदा लिहिले होते आणि त्यावर बेहद्द खूश होतो. तेव्हा काटकसरीच्या मिषाने घराची अभिरुचीही सुधारेल, असा माझा हिशेब होता. तो वहीत लिहिलेला नव्हता.

आम्हीच तेवढे शहाणे झालो होतो असे नाही. 1 फेब्रुवारी 2019 पासून नियामक प्राधिकरणाने नवी दरपद्धत आणली, तेव्हापासूनच घरोघर हा विचार सुरू झाला असावा. पहिल्या शंभर वाहिन्यांना 130 रुपये आणि वर 18 टक्के कर, म्हणजे 153 रुपये 40 पैसे, हे नुसते दाराचे भाडे झाले. सशुल्क वाहिन्यांचे पैसे वेगळे. तोपर्यंत वाहिन्या पाण्याच्या नळासारख्या येत होत्या. आता भाजीबाजारात जाऊन ही जुडी घेऊ की ती, असे निवडणे आले. निवडायला लागलेला माणूस लवकरच टाकायलाही लागतो. तिकडे 2016 च्या सप्टेंबरात जिओ आल्यापासून इंटरनेट स्वस्त होत गेले होते. छपरावरच्या ताटलीचे पैसे भरणारी घरे 2020 च्या सुमारास सात कोटींच्या घरात होती. 2025 मध्ये ती सहा कोटींच्या खाली आली. या गळतीत आमचे एक घर मिळवायला हरकत नाही, फरक इतकाच की आमची ताटली नव्हती, तार होती.

पहिले दोन महिने फार सुखाचे गेले, हे कबूल केले पाहिजे. चित्रपटांच्या बाबतीत तर माझ्यासारख्याला घबाडच सापडले. चैतन्य ताम्हाणे यांचा 'द डिसाइपल' मी याच सुमारास पाहिला. 2020 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याला पटकथेचे पारितोषिक मिळाले होते आणि 2021 च्या एप्रिलमध्ये तो नेटफ्लिक्सवर आला होता. पण आमच्या घराच्या तारेतून असला चित्रपट कधी वाहत नसे. शास्त्रीय गाण्याच्या मागे लागलेला शरद नेरुळकर नावाचा एक तरुण, त्याचे वृद्ध गुरुजी, आणि माई नावाच्या एका थोर गायिकेच्या व्याख्यानांच्या ध्वनिफिती, एवढ्या साहित्यावर हा चित्रपट उभा आहे. रात्रीच्या निर्जन मुंबईत शरद मोटारसायकलवरून संथपणे चालला आहे, कानात तंबोरा आणि माईंचा आवाज आहे, असे दृश्य त्यात पुन्हा पुन्हा येते. तो आवाज सुमित्रा भावे यांचा आहे. साधनेविषयी, एकान्ताविषयी माई जे बोलतात ते ऐकताना अंगावर काटा येतो, आणि त्याच वेळी हा मुलगा यातून कधीच वर येणार नाही हेही दिसत राहते. आदित्य मोडक आणि गुरुजींच्या भूमिकेतले अरुण द्रविड हे दोघेही मुळात गवई आहेत, त्यामुळे पडद्यावरचे गाणे उसने वाटत नाही. मध्यम प्रतीची बुद्धी आणि उत्तम प्रतीची निष्ठा यांचे लग्न लागले की काय होते, याचे इतके निर्दय आणि इतके सभ्य चित्रण मराठीत मी दुसरे पाहिलेले नाही. तो चित्रपट मी रात्री साडेदहाला, घरचे निजल्यावर, कानात इयरफोन घालून पाहिला. हा तपशील लक्षात असू द्यावा. त्याच्याकडे पुन्हा यायचे आहे.

वेब मालिकांविषयी माझे मत इतके सरळ नाही. 2020 मध्ये आलेली 'पंचायत' मला मनापासून आवडली. फुलेरा नावाच्या गावी पंचायतीचा सचिव होऊन आलेला एक नाखूश पदवीधर, नावापुरत्या प्रधान असलेल्या मंजूदेवी आणि प्रत्यक्षात प्रधानकी करणारे त्यांचे यजमान. यातला एक अख्खा भाग चाके लावलेल्या एका खुर्चीवर खर्ची पडला आहे! काहीही न घडू देण्याचे हे धैर्य फार मोठे. असल्या लेखनाला उसंत लागते आणि रोज रात्री प्रेक्षकसंख्येची परीक्षा द्यावी लागणाऱ्या वाहिनीवर ती मिळाली नसती. पण 'पंचायत' अपवाद. एरवी आठ भागांचा आराखडा हाती घेऊन चार भागांची गोष्ट ताणलेली मला अनेकदा आढळते. आणि प्रत्येक भागाच्या शेवटी एक प्रेत! ते प्रेत कशासाठी असते हे लवकरच ध्यानात आले. भाग संपताच कोपऱ्यात आकडे उलटे मोजू लागतात. पाच, चार, तीन... आणि तेवढ्या वेळात आपण उठू नये म्हणून ते तिथे टाकलेले असते. ज्या ताकाला मी नावे ठेवत होतो त्याच ताकाला इथे महागाचा पेला मिळाला आहे, एवढेच. मात्र ओटीटीवर मराठीचा वाटा पाहिला की जीव कळवळतो. हिंदीच्या ढिगात आपल्या भाषेचे मणी वेचावे लागतात.

असो. आता सात वाजताची गोष्ट सांगितली पाहिजे.

माझी आई चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. संध्याकाळी सातला एका मराठी वाहिनीवर एक मालिका लागे, ती ती पाही. पाही हे क्रियापद तसे सैलच वापरतो आहे. मांडीवर कापसाचे पेळू, हातात वात, आणि तोंड टीव्हीकडे, अशी ती बसे. केबल काढायची ठरली तेव्हा मी तिला मोठ्या उदारपणे सांगितले, "आई, तुझी मालिका कुठे जात नाही. तीच गोष्ट, तीच माणसं. उलट आता जाहिराती नाहीत. आणि मंचावर भाग टीव्हीच्या आधीच येतो!" त्यासाठी 699 रुपयांची तिसरी वर्गणीही भरली. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "बरं."

दुसऱ्या दिवशी सातला पाच कमी असताना ती कापूस घेऊन आपल्या खुर्चीत येऊन बसली. सात वाजले. पडदा काळाच.

"सुरू नाही झालं?"

"आई, आता तू म्हणशील तेव्हा सुरू होईल."

"मी काय म्हणायचं त्यात?" ती खरोखरच गोंधळली होती. "ती सातला असते ना!"

मी हसलो आणि कळ दाबून दिली. आज ते हसणे आठवले की लाज वाटते. आईच्या त्या वाक्यात मालिका या कलाप्रकाराची जी व्याख्या होती, ती मला वीस वर्षे परीक्षणे लिहून सापडली नव्हती. मालिका 'असते'. आपण लावो न लावो, पाहो न पाहो, सातला ती असते; सूर्यास्त असतो तशी. आपण तिच्याकडे जायचे असते.

तीन आठवडे तिने नेटाने पाहिले. पण एकेक गोष्ट उलगडू लागली. जाहिराती नसल्याने अर्ध्या तासाचा भाग बावीस-तेवीस मिनिटांत संपे. पूर्वी पहिली जाहिरात लागली की आमच्या सौभाग्यवती उठून कुकर लावीत, दुसऱ्या जाहिरातीला गॅस बारीक करीत. आता त्या उठल्या की गोष्ट पुढे निघून जाई. "थांबव ना जरा" म्हटले की चिरंजीव थांबवीत, पण दुसऱ्याला थांबवायला सांगण्यात एक संकोच असतो, तो जाहिरातीत नव्हता. वाईच्या मावशीचे प्रकरण त्याहून अवघड. आईची ही धाकटी बहीण वाईला केबलवर तीच मालिका पाही आणि साडेसातला दोघींचा फोन ठरलेला असे. मंचावर भाग आधी येत असल्याने आई एक दिवस पुढे गेली आणि बोलता बोलता उद्याची गोष्ट आजच सांगून बसली. मावशी रागावली. मग आई मुद्दाम एक दिवस मागे राहू लागली. तेव्हा मावशी कालचे काही बोलेना, कारण तिचे मन आजच्यात. पंधरा दिवसांत तो फोन साडेसातचा न राहता आठवड्याचा झाला. मग एका संध्याकाळी आई खुर्चीत आलीच नाही. देवघरापाशी बसून वाती वळत होती. "राहू दे रे," म्हणाली. "बघेन सावकाश." सावकाश कधी उजाडलेच नाही. जी गोष्ट केव्हाही पाहता येते तिला वेळ कसा सापडणार?

तक्रार तिने केली नाही. केली असती तर मी तिला काहीतरी समजावून सांगून मोकळा झालो असतो. ती न केल्यामुळेच मला विचार करणे भाग पडले.

आई वाईची. लहानपणी चातुर्मासात तिच्या आळीतल्या देवळात दुपारी पुराण असे, आणि बायका वाती वळत ते ऐकत. हे ती पूर्वी अनेकदा सांगत असे. मी ते आठवणी म्हणून ऐकले होते. आता मी टीकाकार म्हणून पुन्हा विचारले, "पुराणिकबुवा सांगायचे कसे?" तिने सांगितले ते असे. बुवा आल्या आल्या आधी कालची कथा सांगायचे. मग आजची थोडी पुढे न्यायची, की कोणीतरी म्हातारी उशिरा येऊन बसे. तिच्यासाठी पुन्हा दोन वाक्ये मागे. कथेत भानगडीचा प्रसंग आला की बुवांचा आवाज चढे, आणि वातींवरच्या माना वर होत. आणि नेमके द्रौपदीचे काय झाले हे कळायच्या आत पोथी मिटून बुवा म्हणत, "आता उद्या."

मी थक्क होऊन ऐकत होतो. दैनंदिन मालिकेवर मी घेतलेल्या एकूण एक आक्षेपांचे उत्तर या देवळात होते. मालिकेत पुनरुक्ती फार, असे मी लिहिले होते. अहो, उशिरा आलेल्या म्हातारीसाठी असते ती! एका पात्राने दुसऱ्याला जे सांगितले ते दुसऱ्याने तिसऱ्याला जसेच्या तसे सांगावे, याची मी टिंगल केली होती. पण मधल्या वेळात कुकर लावायला गेलेल्या बाईला गोष्टीत परत घेण्याचा दुसरा मार्ग कोणता? सर्वांत जास्त मी हसलो होतो ते त्या प्रसिद्ध दणक्याला. सुनेने काही म्हटले की 'धाड्' असा आवाज, सासूचा चेहरा; पुन्हा 'धाड्', सासऱ्यांचा चेहरा; तिसऱ्यांदा 'धाड्', आणि दारामागे ऐकणारी जाऊ. पण ज्या माणसाची नजर गवारीच्या शेंगेवर किंवा वातीवर आहे त्याला 'आता वर बघा' असे सांगणारा तो बुवांचा चढलेला आवाज आहे. मालिका ही मुळात हातात काम असलेल्या माणसाने कानाने ऐकायची आणि अधूनमधून डोळ्यांनी पाहायची कथा आहे. मी तिला चित्रपटाच्या मापाने मोजत होतो. पोळपाटावर बुद्धिबळ खेळायला बसावे आणि पटावर घरे नाहीत म्हणून सुताराला शिव्या द्याव्यात, तसा तो प्रकार होता. जाहिरातींचेही तसेच. कीर्तनात पूर्वरंग संपला की बुक्का लावतात, हार घालतात, श्रोते पाय मोकळे करतात. तो वेळ कथेचाच भाग असतो. साबणाच्या जाहिरातीला बुक्क्याची सर नाही हे मान्य, पण कुकर तिच्याच भरवशावर लागत होता.

या दृष्टीने पाहू लागलो तेव्हा आपल्या दूरचित्रवाणीचा इतिहासही मला जरा वेगळा दिसू लागला. मुंबई दूरदर्शन सुरू झाले 2 ऑक्टोबर 1972 रोजी. 'चिमणराव'सारखी मालिका आठवड्याने येई, तिच्या वेळेला ज्याच्या घरी संच असेल त्याच्याकडे आळी गोळा होई. 25 जानेवारी 1987 ते 31 जुलै 1988 या काळात रविवारी सकाळी 'रामायण' लागले की रस्ते ओस पडत, हे तर सर्वांना आठवते. 1992 मध्ये झी आले, गल्लीगल्लीत तारा ओढल्या गेल्या. 1999 मध्ये अल्फा मराठी आले आणि त्याबरोबर 'आभाळमाया'. मालिका आठवड्याची होती ती पुढे रोजची झाली, आणि मग 'चार दिवस सासूचे' अकरा वर्षांहून अधिक काळ चालून 3,000 भागांच्या पलीकडे गेली. चार दिवसांचा हा हिशेब आमच्या चिरंजिवांच्या वहीत बसला नसता! आम्ही समीक्षकांनी या प्रवासात दर्जा घसरला की वाढला एवढेच पाहिले. या सगळ्यांत एक गोष्ट समान होती, आणि ती म्हणजे घटका ठरलेली होती. पोथी दिल्लीत उघडो की मुंबईत, वाईत आणि सांगलीत ती एकाच क्षणी उघडत होती.

शीर्षकगीताची गोष्ट याच संदर्भात सांगण्यासारखी आहे. अशोक पत्कींनी 'आभाळमाया'ला, 'वादळवाट'ला ज्या चाली दिल्या, त्यांचे पहिले स्वर ऐकू आले की मागच्या अंगणातली बाई हात पुसत आत येई. देवळातली घंटा आणि ते गीत यांचे काम एकच होते. ओटीटीवर हे गीत सुरू होताच खाली एक चौकट उमटते, ती दाबली की गीत नाहीसे होते. चिरंजीव ती चौकट न चुकता दाबत. त्यात त्यांचे चूक काय? सगळे श्रोते आधीच बसलेले असतील तर घंटा वाजवायची कोणासाठी?

एवढे म्हटल्यावर वाचक विचारतील की, मग त्या मालिका चांगल्या, असे तुमचे म्हणणे आहे काय? अजिबात नाही. घाट निर्दोष असणे वेगळे आणि त्यात शिजलेले अन्न चांगले असणे वेगळे. पुराणिकबुवांजवळ व्यासांची कथा होती. पन्नास वेळा सांगितली तरी तिच्या तळाला पाय लागत नव्हता. मालिकेच्या लेखकाजवळ असते ती प्रेक्षकसंख्येची गुरुवारची चिठ्ठी. ती आली की मेलेला नवरा जिवंत होतो, सालस सून विष कालवते, आणि तिसऱ्या लग्नाचे मांडव दिवाळीपर्यंत निघत नाहीत. बायकांनी बायकांचा छळ करण्याचे इतके कल्पक प्रकार कोणत्याही पुराणात नाहीत. हे सारे मी पूर्वी लिहिले, ते आजही मागे घेत नाही. मागे घेतो ते एवढेच, की घाटाचा आणि अन्नाचा दोष मी एकत्र मोजला होता. आणि एक आणखी. चांगली कथा या घाटात बसवणारा लेखक मिळाला तर या घाटाइतके घरात शिरणारे दुसरे साधन नाही, हे मला कळायला हवे होते. आता तो लेखक यायचा असेल तर त्याने लवकर यावे. घाटच मोडीत निघण्याचे दिवस आले आहेत.

आता त्या इयरफोनकडे वळतो. 'द डिसाइपल' मी कानात इयरफोन घालून पाहिला असे मघाशी म्हटले. शरद नेरुळकरही माईंना तसाच ऐकतो. एकटा, रात्री, कानात. त्या चित्रपटाचे दुःखच मला ते वाटते. गाणे ही समोरासमोर बसून द्यायची-घ्यायची वस्तू. ती या मुलाला ध्वनिफितीतून, एकान्तात, हव्या त्या वेळी मिळते, आणि हव्या त्या वेळी मिळणाऱ्या गुरूला प्रश्न विचारता येत नाही, त्याच्याकडून मुस्कटातही खाता येत नाही. शेवटी शरद बायको-मुलीसह लोकलमध्ये बसलेला असताना डब्यात एक फिरता गायक गात येतो. त्याला ना गुरूची ध्वनिफीत, ना साधनेचे तत्त्वज्ञान. समोर माणसे आहेत म्हणून तो गातो. ते दृश्य पाहून मी इयरफोन काढले, तेव्हा घरात चार ठिकाणी चार उजेड होते. चिरंजीव त्यांच्या खोलीत फोनवर काहीतरी पाहत होते, सूनबाई टॅबवर कोरियातली कसलीशी मालिका पाहत होत्या, सौभाग्यवती निजल्या असे मी समजलो होतो त्या पांघरुणात पाककृती पाहत होत्या. प्रत्येकाच्या पुढ्यात त्याच्या आवडीचे, आणि बहुधा माझ्या जुन्या मालिकांहून दर्जेदार. आई अंधारात जागी होती. तिच्याजवळ उजेड नव्हता.

वर्ष भरत आले तसा चिरंजिवांनी हिशेब पुरा केला. 2,546 रुपयांतून आईच्या मालिकेचे 699 गेले, राहिले 1,847. चार जण एकदम पाहू लागल्यावर चित्र अडखळू लागले म्हणून इंटरनेटचा वेग वाढवला, त्याचे महिना 100 आणि कर धरून 118, म्हणजे वर्षाचे 1,416. निव्वळ बचत 431 रुपये. म्हणजे केबलचा एक महिना आणि वर 19 रुपये. हे 19 पाहून मला हसू आले, कारण 2019 च्या त्या दरपद्धतीत पॅकमध्ये घालायच्या वाहिनीची कमाल किंमत नेमकी तेवढीच ठरवली होती. शिवाय ज्या मंचावर जाहिराती नाहीत म्हणून आम्ही गेलो, त्यांतल्या एकाने मध्येच जाहिराती सुरू केल्या. त्या नको असतील तर वेगळे पैसे. ते आम्ही भरले नाहीत. कुकर पुन्हा वेळेवर लागू लागला.

2025 च्या दसऱ्याला मी केबलवाल्या मुलाला फोन केला. तो आला, नेहमीप्रमाणे उंबऱ्याशी उभा राहिला आणि "परत आलात काका" म्हणाला. मी मोजक्याच वाहिन्या घेतल्या. महिन्याला 290 रुपये. चिरंजिवांनी वही उघडून शांतपणे सांगितले की पूर्वी नुसती केबल होती त्या मानाने आपला खर्च वर्षाला 3,049 रुपयांनी वाढला आहे. ओटीटी सोडायची माझी तयारी आहे का, असेही त्यांनी विचारले. नाही. 'पंचायत'चा पुढचा हंगाम मला पाहायचा आहे, आणि ताम्हाणे पुन्हा काही करतील तर तेही. हा खर्च कोणत्या खात्यावर टाकायचा, असा पुढचा प्रश्न आला. "देवळाच्या," मी म्हटले. त्यांनी 'किरकोळ' असे लिहिले.

त्या संध्याकाळी सातला पाच कमी असताना आई कापूस घेऊन खुर्चीत आली. शीर्षकगीत वाजले, पण ते वेगळेच होते. मधल्या काळात तिची मालिका संपून त्या जागी दुसरी लागली होती. नवे घर, नवे आडनाव, दहा-बारा अनोळखी माणसे. मला वाटले, झाले, आता ही उठणार. ती उठली नाही. "नवीन दिसतंय," एवढे म्हणून वात वळू लागली. पहिल्या दिवशी तिला काही कळले नाही. दुसऱ्या दिवशी 'धाड्' झाले तेव्हा तिने मान वर केली. तिसऱ्या दिवशी साडेसातला वाईला फोन लावला, आणि मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो होतो तिथे मला तिचा आवाज ऐकू आला:

"अगं, ती थोरली सून नव्हे, थोरलीची जाऊ! तू नीट बघत नाहीस बघ. आणि तो चष्मेवाला तिचा दीर कुठला? थांब, पहिल्यापासून सांगते."